नुसता शेजार पुरत नाही

29 जून 2023 रोजी आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. आदल्या वर्षीही, 10 जुलैला, हाच योग जुळला होता. दोन्ही वर्षी महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत मुसलमानांनी आपणहून ठरवलं की त्या दिवशी कुर्बानी करायची नाही. नमाज पढायची, गळाभेट घ्यायची आणि कुर्बानी दुसऱ्या दिवशी करायची. तीन दिवसांची मुभा असल्यानं धर्माच्या दृष्टीनंही त्यात अडचण नव्हती. पण त्याच जून महिन्यात, 7 तारखेला, औरंगजेबाच्या मोबाइल स्टेटसवरून कोल्हापुरात दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद करावं लागलं. त्यानंतर पाच दिवसांनी, 12 जूनला, माउलींची पालखी आळंदीहून दिघीमार्गे पुण्यात पोचली.

एकाच महिन्यात महाराष्ट्र असा दोन तऱ्हांनी वागला. यातला खरा महाराष्ट्र कोणता, या वादात मला पडायचं नाही. दोन्ही खरे आहेत. समजून घ्यायचं आहे ते एवढंच की सलोखा कुठे टिकतो, कुठे मोडतो आणि त्यामागची यंत्रणा काय असते. त्यासाठी पुण्याजवळच्या दिघीसारखी जागा मला फार महत्त्वाची वाटते. इथे दंगलीचा गाजलेला इतिहास नाही. पण गाव शहर होताना शेजाराचं काय होतं, ते इथे डोळ्यांदेखत घडतं आहे.

आधी त्या योगायोगाचं. हिजरी वर्ष चंद्रावर चालतं आणि साधारण 354 दिवसांचं असतं. आपलं पंचांगही चंद्राचंच, पण ते अधिक मास घालून सूर्याशी मेळ राखतं. त्यामुळे ईद आणि मोहरम दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतात आणि 32-33 वर्षांत ऋतुचक्राची एक फेरी पुरी करतात. म्हणजे आषाढी, गणपती, दसरा यांच्याशी त्यांची गाठ पिढीतून एकदा तरी पडणारच, आणि पडली की दोन-तीन वर्षं पडत राहणार. 2023 साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही 28 सप्टेंबरला आली. मुसलमानांनी मिरवणूक एक दिवस पुढे नेली आणि राज्य सरकारनं 29 तारखेची सुट्टी जाहीर केली. 2025 मध्ये आषाढी आणि मोहरमचा दहावा दिवस 6 जुलैला एकत्र आला. आकाशातल्या या गणितात कुणाचीच खोडी नसते. एकाच रस्त्यावर दोन मिरवणुका आल्या की वाट कुणी कुणाला द्यायची, हा मात्र माणसांनी सोडवायचा प्रश्न असतो.

1893 साली मोहरम असाच जुलैच्या अखेरीस होता. त्या वर्षी काठेवाडात प्रभासपाटणला दंगल झाली आणि 11 ऑगस्टला मुंबईत भडका उडाला. तोवर पुण्यातले हिंदू मोहरमच्या ताबुतांत हौसेनं भाग घेत. नवस बोलत, ताबूत बसवत, वाजतगाजत जात. 1893-94 च्या सुमारास हे बदललं. टिळकांच्या ‘केसरी’नं सार्वजनिक गणेशोत्सवाची बाजू उचलून धरली, हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरवली, आणि मेळे, मिरवणूक, पथकं असा उत्सवाचा सगळा थाट गणपतीभोवती उभा राहिला. त्या थाटात मोहरमच्या मिरवणुकीच्या कितीतरी खुणा होत्या, हे अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. थोड्या वर्षांत एका शहराची सवय अशी बदलू शकते. आणि तेच टिळक 1916 मध्ये लखनौला मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मान्य करून मुस्लिम लीगशी करार घडवून आणतात. त्याच वर्षी त्यांच्यावरच्या राजद्रोहाच्या खटल्यात मुंबई हायकोर्टात त्यांचे वकील असतात बॅरिस्टर जिना. एका माणसाच्या सार्वजनिक आयुष्यात हिंदू-मुसलमान नात्याची इतकी वळणं येतात. तेव्हा ‘हे नातं कायमचं असंच’ असं कुणी ठामपणे सांगू लागलं की सावध व्हावं.

राष्ट्राची व्याख्याही याच मातीत घासूनपुसून पाहिली गेली. सावरकरांनी 1923 साली पितृभू आणि पुण्यभू या दोन कसोट्या लावल्या. ज्याची पुण्यभू हिंदुस्थानाबाहेर, तो त्या व्याख्येत पुरा बसेना. पुढे 1942 ते 1945 या काळात अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना नेहरूंनी भारताचा शोध घेणारं पुस्तक लिहिलं, आणि त्याच किल्ल्यात मौलाना आझाद आपली उर्दू पत्रं लिहीत होते. आंबेडकरांनी 1940 साली पाकिस्तानवरच्या ग्रंथात फ्रेंच विचारवंत रेनाँचा आधार घेतला आणि वंश, भाषा, भूगोल यांच्यापेक्षा एकत्र राहण्याची इच्छा राष्ट्राला राष्ट्र बनवते, हा मुद्दा लावून धरला. ती इच्छा नसेल तर फाळणीचा विचार डोळे उघडे ठेवून करा, असंही त्यांनी सांगितलं. मला यांच्यात आंबेडकर सगळ्यांत कठोर आणि म्हणूनच सगळ्यांत उपयोगी वाटतात. इच्छा ही एकदा ठरून संपणारी गोष्ट नसते. ती रोजच्या व्यवहारातून येते किंवा आटते.

आता दिघीकडे येऊ. आळंदी रस्त्यावरचं हे मूळचं शेतीचं गाव. दत्तगडाची टेकडी आणि भोवती लष्कराची जमीन. खडकीला बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, कळस-दिघीला संरक्षण संशोधन विभागाची पूल आणि लष्करी अभियांत्रिकीची प्रयोगशाळा, आणि टेकड्यांवर 1994 साली सुरू झालेलं आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. 1997 साली दिघी पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. भोसरीची एमआयडीसी हाकेच्या अंतरावर, चाकण तासाभरावर. सैनिक, निवृत्त सुभेदार, प्रयोगशाळेतले कर्मचारी, कंपनीतले कामगार, भाड्यानं राहणारी पोरं, असे देशभरातले लोक इथे येऊन राहिले. वर्षातून एकदा थोरल्या पादुकांची आरती आटोपून माउलींचा सोहळा इथून विश्रांतवाडीकडे जातो. पलीकडे देहूहून निघालेली तुकोबांची पालखी अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते आणि तिथे आरती होते. अनगडशहा फकीर आणि तुकोबांच्या भेटीची कथा वारकऱ्यांना तोंडपाठ असते.

या दर्ग्याचा उल्लेख केला की अनेक लेख तिथेच थांबतात. श्रीगोंद्याचे शेख महंमद, दौलताबादचे चांद बोधले, एकनाथांचं हिंदू-तुर्क संवादाचं भारूड अशी माळ ओवायची आणि महाराष्ट्र कसा समन्वयाचा हे सांगायचं. ही माळ खरी आहे. रा. चिं. ढेऱ्यांनी मुसलमान मराठी संतकवींवर केलेलं काम वाचल्यावर तिची खोली कळते. सांगली जिल्ह्यात कडेगावला आजही उंच ताबुतांच्या भेटीत हिंदू मानकरी असतात, वाळवा तालुक्यात गोटखिंडीला मशिदीत गणपती बसतो. पण या सगळ्या गोष्टी गावातल्या आहेत. तिथे माणसं एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखतात, मान कुणाचा आणि काम कुणाचं हे ठरलेलं असतं. त्यात आपुलकी होती. समान हक्क होताच असं नाही. असा शेजार उचलून दिघीच्या सातमजली इमारतीत आणून ठेवता येत नाही.

नेमका हाच मुद्दा आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्रज्ञांनी 2002 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आकडेवारीनं मांडला. 1950 ते 1995 या काळातल्या हिंदू-मुसलमान दंगलींची त्यांनी नोंद केली. बळींपैकी ग्रामीण भागातले चार टक्क्यांहूनही कमी निघाले. उलट केवळ आठ शहरांत जवळपास 46 टक्के बळी गेले होते. त्यांत मुंबई होती, अहमदाबाद होतं, हैदराबाद होतं. मग त्यांनी दंगलग्रस्त आणि शांत शहरांच्या जोड्या लावून पाहिल्या: अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. लोकसंख्येचं प्रमाण जवळपास सारखं, मग फरक कशाचा? त्यांचं उत्तर असं की खेड्यात रोजचा राम-राम, सणाला ताट पाठवणं, पोरांचं एकत्र खेळणं एवढ्यावर भागतं. शहरात भागत नाही. लाखोंच्या वस्तीत अफवा सुटली की ओळखीचे दहा लोक ती थोपवू शकत नाहीत. तिथे दोन्ही समाजांचे लोक ज्यात एकत्र आहेत अशा संघटना लागतात: कामगार युनियन, व्यापारी संघ, वाचनालयं, पक्षांच्या शाखा, खेळाचे क्लब. युनियनच्या नेत्याचं पद, व्यापाऱ्याचा माल आणि नगरसेवकाची मतं दोन्हींकडे अडकलेली असली, की शांतता राखण्यात त्यांचा स्वतःचा स्वार्थ असतो.

यात राजकारणाचा दुसरा धागा आहे, तो स्टीव्हन विल्किन्सन यांनी 2004 साली दाखवला. पोलीस राज्य सरकारच्या हाती असतात. ज्या सरकारला किंवा त्याच्या मित्रपक्षाला अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असते, ते दंगल लवकर आवरतं. गरज नसेल तर हात आखडता घेतलेला दिसतो. लोकशाहीत मतांचं गणित वाईटच असतं असं आपण धरून चालतो. इथे तेच गणित जीव वाचवताना दिसतं.

भिवंडीचं उदाहरण महाराष्ट्रानं पाठ करायला हवं. यंत्रमागांचं हे शहर 1970 आणि 1984 मध्ये भयंकर पेटलं होतं. 1970 च्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगानं केली. 1988 मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून तिथे आले. त्याआधीच्या शांतता कमिट्या त्यांनी पाहिल्या: ईद-गणपतीच्या आधी पोलीस ठाण्यात चहाला जमणारे, पांढऱ्या कपड्यांतले पुढारी. त्यातले काही तर दंगलीच्या वेळी संशयाच्या यादीत असायचे. खोपड्यांनी तो डाव बदलला. वॉर्डावॉर्डांत, मोहल्ल्यामोहल्ल्यांत कमिट्या केल्या. त्यांत दोन्ही समाजांचे साधे लोक घेतले: मागावरचे कामगार, दुकानदार, शिक्षक. आणि प्रत्येक कमिटीला एक पोलीस कर्मचारी जोडला, जो त्या मोहल्ल्याचा माणूस ठरला. बैठका दंगलीपुरत्या नव्हत्या. गटार तुंबलं, नळाला पाणी नाही, पोरगा मुलीची छेड काढतो, दोन बिऱ्हाडांत भिंतीवरून वाद आहे, अशा गोष्टी तिथे यायच्या आणि सुटायच्या. रोजच्या कटकटींतून माणसं एकमेकांच्या उपयोगी पडायला शिकली. म्हणून अफवा आली तेव्हा ती तपासायला कुणाला फोन करायचा हे त्यांना आधीच माहीत होतं. खोपड्यांची बदली झाल्यावरही कमिट्या चालू राहिल्या. 6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबईत सुमारे 900 माणसं मेली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार त्यांत 575 मुसलमान आणि 275 हिंदू होते. तिथून पन्नास किलोमीटरच्या आत असलेली भिवंडी शांत राहिली.

या कसोटीवर पिंपरी-चिंचवडचा पट्टा लावून पाहिला तर काय दिसतं? इथली पहिली ओळखच मुळी राष्ट्रउभारणीची होती. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी पिंपरीला वसली. धर्माच्या नावानं घरदार सोडावं लागलेली माणसं इथे दुकानं थाटून उभी राहिली. 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, 1962 साली एमआयडीसीची स्थापना झाली, मग टेल्को, बजाज आणि त्यांच्यामागे शेकडो छोटे कारखाने. त्या काळी ‘भारतीय’ असण्याचं चित्र म्हणजे हातात अवजार घेतलेला कामगार. आयटीआय करून आलेला फिटर, टर्नर, वेल्डर कुठल्या धर्माचा, यापेक्षा त्याचा हात कसा आहे हे बघितलं जायचं. कंपनीत एकच कँटीन, एकच युनियन, एकच पगारवाढीचा करार. करार झाला की सगळ्यांचा पगार वाढणार, संप फसला की सगळ्यांची चूल थंड. हिंदू-मुसलमान नात्याला याहून भक्कम पाया कुठल्याही भाषणानं दिला नसता.

भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमीला गेलं तर हे जवळून दिसतं. आदल्या दिवशी लेथवरचा किस झाडून काढतात, जॉब उतरवतात, बेडवरचं ऑइल चिंध्यांनी पुसतात, ड्रिलिंग मशीन, वेल्डिंगचा होल्डर, अगदी व्हर्निअरसुद्धा चकचकीत करून पाटावर मांडतात. वेल्डर मुसलमान असला तर आपलं मशीन तोच पुसतो; दुसऱ्यानं हात लावलेला त्याला चालत नाही. मग झेंडूची माळ, नारळ, पेढे. पूजेला तो हात जोडेल किंवा नुसता उभा राहील, त्याची कुणी चौकशी करत नाही. ईदला डब्यातून शीरखुर्मा येतो, तेव्हा ऑइलचे हात धुऊन सगळे पुढे होतात.

लष्करानं तर यासाठी नियमच करून ठेवला आहे. मिश्र पलटणींत ‘सर्वधर्म स्थळ’ असतं. एकाच छताखाली मूर्ती, ग्रंथसाहिब, कुराण, बायबल. जवानांचा जो धर्म, त्या धर्माच्या सणाला अधिकारी हजर राहतो, मग त्याचा स्वतःचा धर्म कुठलाही असो. दिघी-खडकीच्या परिसरात राहणाऱ्या निवृत्त सैनिकाला यात नवल वाटत नाही. पण इथे एक गोष्ट मला खटकते. मुसलमानाच्या देशप्रेमाची गोष्ट निघाली की 1965 च्या युद्धातले हवालदार अब्दुल हमीद यांचं नाव पुढे केलं जातं. त्यांचं शौर्य अलौकिकच. पण चाकणच्या लाइनवर बोल्ट आवळणाऱ्या मुसलमान पोरानं आपल्या नागरिकत्वाच्या जामिनासाठी परमवीरचक्र का आणावं? हिंदू पोराकडे ते कुणी मागत नाही.

कारखान्याचा तो पाया मात्र आता खचतो आहे. कायम कामगारांची जागा कंत्राटी पोरांनी घेतली. ठेकेदार किंवा मुकादम आपल्या मुलखातून, बहुतेक वेळा आपल्याच जातीधर्मातून माणसं आणतो आणि एकाच खोलीत आठ-दहा जणांना ठेवतो. लाइनवर ती पोरं शेजारी-शेजारी उभी राहतात, पण युनियन नाही, त्यामुळे एकत्र बसून मागण्याजोगं काही नाही. काँट्रॅक्ट संपलं की पोरगा दुसऱ्या कंपनीत. वार्ष्णेयांच्या भाषेत सांगायचं तर संघटना गेली आणि नुसता सहवास उरला, तोही तात्पुरता.

त्या मोकळ्या जागेत इतिहास शिरतो. दिघीपासून तुळापूर जवळ आहे. मार्च 1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या त्याच परिसरात झाली. वढू बुद्रुकला त्यांची समाधी आहे. चाकणचा संग्रामदुर्ग 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाविरुद्ध जवळपास दोन महिने लढवला. ही स्मृती इथल्या माणसाला पुस्तकातून शिकवावी लागत नाही, आणि तिच्यातलं दुःख खोटं म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. अडचण पुढच्या पायरीवर होते. औरंगजेबाचा हिशेब आज हातात पाना घेतलेल्या माणसाकडे मागितला जातो. शिवाजी महाराजांचं आरमार दौलतखान सांभाळत होता आणि महाराजांवर चालून आलेल्या मोगली फौजेचा सेनापती मिर्झाराजे जयसिंग होता, हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. तरी संतापाच्या क्षणी ते कामी येत नाही. 2 जून 2014 ला हडपसरला, समाजमाध्यमांवरच्या विटंबनेच्या रागातून, नमाजहून परतणाऱ्या एका तरुण आयटी कर्मचाऱ्याला मारून टाकण्यात आलं. त्या मजकुराशी त्याचा काही संबंध नव्हता. जानेवारी 2023 मध्ये आरोपी पुराव्याअभावी सुटले. पुणे हे सुशिक्षितांचं शहर म्हणून आपण निर्धास्त राहतो; डोळे उघडायला ही घटना पुरेशी असायला हवी होती.

राष्ट्राची व्याख्या सध्या कुठे सरकते आहे, याचा अंदाज प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीतून येतो. 2019-20 मध्ये त्यांनी देशभरातल्या जवळपास 30 हजार प्रौढांशी बोलून 2021 साली निष्कर्ष मांडले. खरा भारतीय होण्यासाठी सर्व धर्मांचा आदर करणं फार महत्त्वाचं आहे, असं 84 टक्के लोक म्हणाले. त्याच वेळी 64 टक्के हिंदूंना खरा भारतीय होण्यासाठी हिंदू असणं फार महत्त्वाचं वाटलं, आणि 36 टक्के हिंदूंनी मुसलमान शेजारी नको असं सांगितलं. भारतीय असल्याचा फार अभिमान वाटतो असं म्हणणारे मुसलमान 95 टक्के होते. म्हणजे आदर आहे, पण अंतर राखून.

त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे, ज्याकडे मराठी वाचकानं थांबून बघावं. 59 टक्के हिंदूंना खऱ्या भारतीयाला हिंदी येणं फार महत्त्वाचं वाटलं. एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय निघाला तेव्हा राज्यभर केवढा क्षोभ झाला. जूनअखेर सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला. आमचं भारतीयत्व आमच्या भाषेमुळे कमी होत नाही, हे मराठी माणसानं त्या वेळी ठणकावून सांगितलं. व्याख्या आखडली की बाहेर राहणाऱ्याला काय वाटतं याचा तो एक छोटा अनुभव होता. मुसलमानाचा अनुभव त्याहून कितीतरी मोठा आणि रोजचा आहे.

या प्रश्नाची दुसरी बाजू सांगणारा सगळ्यांत प्रामाणिक माणूस हमीद दलवाई. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा लेखक. 18 एप्रिल 1966 रोजी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा घेऊन तो मुंबईत विधिमंडळावर गेला. मागणी तोंडी तलाक बंद करण्याची. 22 मार्च 1970 ला पुण्यात त्यानं मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. मुसलमानांनी धर्मचिकित्सा केली पाहिजे, कायद्यापुढे स्त्री-पुरुष समान असले पाहिजेत, हे त्यानं शिव्याशाप आणि हल्ले सोसून सांगितलं. पण हिंदू समाजानंही उदारमतवादाची कास सोडू नये, हे तो तितक्याच जोरानं म्हणत असे. आज त्याचा पहिला अर्धा भाग उचलला जातो आणि दुसरा सोयीनं गाळला जातो. 1977 साली, जेमतेम 44 व्या वर्षी, तो गेला. तोंडी तलाक सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला तो 22 ऑगस्ट 2017 ला, त्या मोर्चानंतर एक्कावन्न वर्षांनी. दलवाईंचं म्हणणं मला आजही सगळ्यांत पुढचं वाटतं, कारण ते मुसलमानाला जमातीचा घटक न मानता नागरिक मानतात: हक्कही पुरे, जबाबदारीही पुरी.

नागरिकत्वाचा कायदा मुळात तसाच होता. संविधानाची कलमं 5 ते 11 धर्माचं नाव घेत नाहीत. पाकिस्तानातून आलेल्यांसाठी कलम 6, तिकडे जाऊन परवान्यानं परतलेल्यांसाठी कलम 7; पिंपरीचे सिंधी यांतल्या पहिल्याच्या आधारानं नागरिक झाले. नागरिकत्व कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं पहिल्यांदा धर्मांची यादी कायद्यात आली. तिचे समर्थक शेजारच्या तीन देशांतल्या पीडित अल्पसंख्याकांकडे बोट दाखवतात, आणि पिंपरी कॅम्पात ती वेदना कुणाला समजावून सांगावी लागत नाही. विरोधकांचा आक्षेप कसोटीवर आहे: छळ हा निकष ठेवला असता तर यादीची गरज काय होती? मला हा आक्षेप पटतो. कारण कसोटी धर्माची झाली की ती खाली झिरपते. फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेनं चिखली-कुदळवाडीत भंगाराची गोदामं आणि छोटे कारखाने मिळून चार हजारांवर बांधकामं पाडली. अनधिकृत बांधकाम, वारंवारच्या आगी, नदीचं प्रदूषण ही कारणं खरीच होती. पण भंगाराच्या धंद्यात उत्तर प्रदेशातून आलेले मुसलमान बरेच, म्हणून चर्चा बांधकामावरून ‘बांगलादेशी’वर कधी घसरली हे कळलंही नाही. ज्या कारखान्यांचा पत्र्याचा तुकडा न तुकडा ही माणसं उचलत होती, त्या पट्ट्यातच त्यांच्या असण्याला पुरावा मागितला जाऊ लागला.

दिघीत हा प्रश्न येतो तो घराच्या रूपानं. ‘खोली आहे, पण सोसायटी देणार नाही’ हे वाक्य पुण्यात भाड्यानं घर शोधणाऱ्या मुसलमानाला नवीन नाही. मालकाची हरकत नसते, एजंटच फोनवर आडनाव विचारून थांबतो. कायदा इथे अर्धवट आहे. संविधानाचं कलम 15 सरकारला, आणि दुकानं, हॉटेलं, पाणवठे अशा सार्वजनिक जागांना लागू होतं. खासगी घर त्यात नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 म्हणतो की पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येणार नाही. पण 2005 साली पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं एका समाजापुरत्या उपविधींना मान्यता दिली. दिघीतल्या बहुतेक सोसायट्यांच्या उपविधींत असं काहीच लिहिलेलं नसणार. तिथे नकार लेखी येतच नाही. तो चेअरमनच्या जिन्यातल्या बोलण्यात, व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सूचक वाक्यात असतो. त्यामुळे त्याला आव्हानही देता येत नाही.

भिवंडीतल्या कमिट्यांचं काम गटारापासून सुरू झालं होतं. सोसायटीकडे गटार आहे, टँकर आहे, पार्किंग आहे, लिफ्टचा मेंटेनन्स आहे. दोन्ही समाजांच्या माणसांनी एकत्र बसून सोडवायची कामं भरपूर आहेत. फक्त त्यासाठी दोन्ही समाजांची माणसं त्या इमारतीत राहायला हवीत. म्हणून दिघीतल्या एखाद्या सोसायटीनं पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर एक साधा ठराव घ्यावा: भाडेकरू आणि खरेदीदार यांना धर्म किंवा जात विचारली जाणार नाही, पोलीस पडताळणी आणि नोंदणीकृत भाडेकरार एवढ्याच अटी सगळ्यांना सारख्या लागतील. सूचक एक, अनुमोदक एक, हात वर करून मतदान, आणि इतिवृत्तात नोंद.